बी-सिरीज इंजिनाची चिवट ऑइल गळती : इंजिन उतरवायच्या आधी काय काय बघावं?

बी_सिरीजवाला

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी मॉरिस ऑक्सफर्ड. इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, १४८९ सीसी, तीन मेन बेअरिंगवालं, म्हणजे क्रँकशाफ्ट तीन जागी पेललेला. अँबॅसिडरमध्ये पुढे कित्येक वर्षं जे चाललं तेच.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर, म्हणजे बेल हाउसिंग, त्याच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात स्प्लिट पिन सैल लटकत असते, तिथून तेल गळतंय. उभ्या गाडीत इंजिन नुसतं आयडलला ठेवलं तर जवळपास काहीच नाही. पण हायवेवर चांगली ताणून चालवली आणि बंद केली, की थेंब सुरू. सकाळी खाली तळहाताएवढा डाग असतोच.

चेंबरचं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचं) पॅकिंग बदललं, टॅपेट कव्हरचंही (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) बदललं. फरक शून्य. ज्यांना ज्यांना दाखवलं ते सगळे एकच सांगतात, मागचं सील गेलंय, इंजिन उतरवा. उतरवायला माझी ना नाही, पण उतरवून, सगळं नवं घालून, परत चढवल्यावर तोच डाग दिसला तर? त्याआधी खात्री करून घ्यायची आहे. ऑइल प्रेशर व्यवस्थित आहे, इंजिन गरम झाल्यावर धावताना ५० पीएसआयच्या आसपास. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल.

कुणी या इंजिनावर हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गॅस्केट

आधी थोडे प्रश्न, मग बोलू.

१. थेंब इंजिनाच्या तेलाचा आहे की गिअरबॉक्सच्या? पांढऱ्या कागदावर दोन्ही तेलांचा एकेक थेंब शेजारी टाकून बघा. इंजिनाचं तेल काजळीने काळपट झालेलं असतं, गिअरबॉक्सचं बरंच स्वच्छ दिसतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकातून येणारं तेलही त्याच भोकातून खाली पडतं.

२. ब्रीदरचा पाइप, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारा, शेवटचा कधी साफ केला?

३. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर तर नाही ना? आणि गाडी रात्री उभी असते ती जागा सपाट आहे की नाक वर होतं?

तिसरा प्रश्न उगाच नाही. नाक वर करून उभी राहिली की चेंबरमधलं तेल मागे सरकतं. एक रात्र नाक खाली ठेवून बघा. डाग तसाच पडला, तर चेंबरमधल्या साठलेल्या तेलाशी त्याचा फार संबंध नाही, ते वरून कुठून तरी ओघळून येतंय.

बी_सिरीजवाला

कागदावर बघितलं. काळं आहे, इंजिनाचंच. लेव्हल दोन खुणांच्या मधोमध. जागा सपाट आहे, तरी नाक खाली करून ठेवली होती, डाग तेवढाच.

ब्रीदर मात्र गाडी घेतल्यापासून मी उघडलेला नाही.

टर्नर

मी लेथवर काम करतो. जुन्या इंजिनांचे क्रँकशाफ्ट हातातून जातात, म्हणून "मागचं सील गेलं" यावर थोडं बोलतो.

तुमच्या इंजिनात मागे जायला सीलच नाही. रबराचं ऑइल सील म्हणतो तसं काहीही तिथे नसतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या फ्लँजच्या अलीकडे, आट्यांसारखी एक खाच कापलेली असते. तिच्याभोवती धातूचं गोल घर, आणि मधे केसाएवढी फट. दोन्ही धातू एकमेकांना शिवत नाहीत. क्रँकशाफ्ट फिरतो तेव्हा ती खाच तेलाला धरून परत आत ढकलते, आणि ते तेल खाली चेंबरमध्ये उतरतं.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली म्हणजे, ही रचना फक्त फिरताना काम करते. इंजिन बंद झालं की त्या फटीत उरलेलं तेल थोडं बाहेर येणारच. एखाददुसरा थेंब हा दोष नाही, ते इंजिन तसंच बनवलेलं आहे.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : आतला दाब. क्रँककेसमधली, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीतली, हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाची झाली, की ती त्या फटीतून तेलासकट बाहेर पडते. रबराचं सील थोडाफार दाब सहन करतं. ही उघडी फट अजिबात करत नाही. म्हणून गॅस्केट यांनी विचारलेला ब्रीदरचा प्रश्न आधी सोडवा.

तिसरी, सील फुगवून गळती थांबवणारी जी औषधं बाटलीत मिळतात, ती रबरावर काम करतात. या जागी रबर नाहीच, तर फुगणार काय? त्यावर पैसे घालवू नका.

मागच्या मेन बेअरिंगची झीज खूप झाली तर क्रँकशाफ्ट खाली बसतो आणि फट एका बाजूला वाढते, हेही खरं. पण तेव्हा ऑइल प्रेशरही सहसा पडलेलं दिसतं. गरम इंजिनावर तुमचं ५० असेल तर मी तरी बेअरिंगवर पहिला संशय घेणार नाही.

एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये हेच कुटुंब १७९८ सीसीचं होऊन आलं, १९६४ च्या अखेरीस त्याला पाच मेन बेअरिंग दिली आणि तेव्हा मागे रबरी सील आलं. त्यामुळे पुस्तक किंवा व्हिडिओ बघताना आधी तपासा, तो तीन बेअरिंगवाल्या इंजिनाचा आहे की पाचवाल्या. नाहीतर नसलेलं सील शोधत बसाल.

चारचाकी

टर्नर यांनी छान समजावलं. पण धागाकर्त्याला माझा सल्ला साधा आहे : मागे रबरी सील बसवायचा किट मिळतो, इंजिन उतरवा, किट टाका, विषय संपवा. आणि सगळ्या पॅकिंगांना सिलिकॉन लावा, भरपूर. मी माझ्या सगळ्या गाड्यांना लावतो.

टर्नर

किटला माझा विरोध नाही. पण किट बसवायचा तर क्रँकशाफ्टचं मागचं टोक मोजून, गोल आहे की नाही बघून, सील मधोमध बसवावं लागतं. सील एका बाजूला सरकलं तर नव्या सीलमधूनही गळतं. आणि आतला दाब तसाच राहिला तर किट टाकूनही तो दुसरी वाट शोधेल. आधी पुढच्या सीलमधून, मग डिपस्टिकच्या भोकातून.

सिलिकॉनबद्दल कळकळीने सांगतो, भरपूर लावू नका. जेवढं बाहेर दाबून निघालेलं दिसतं, तेवढंच आत निघालेलं असतं. त्याच्या शेवया सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. अर्धी जाळी अशा लाल चिंध्यांनी बुजलेली आणि त्यापायी बेअरिंग खाल्लेलं इंजिन मी उघडलंय. कॉर्कवर तर सिलिकॉन नकोच, घट्ट करताना कॉर्क घसरून बाहेर येतो.

चारचाकी

जाळीचा मुद्दा मान्य. जिथे दोन पॅकिंगांचे जोड येतात त्या कोपऱ्यांत तरी लावावं लागतंच.

टर्नर

कोपऱ्यांत हो, तिथे लावायलाच हवं. मसुराएवढा ठिपका पुरतो.

निळीमॉरिस

माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, म्हणजे ए-सिरीज. १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० मध्ये आलेलं इंजिन, पण मागची रचना हीच आणि गळतीच्या तक्रारीही याच. तेल कुठून येतंय हे शोधायची जी पद्धत मी वापरते ती लिहिते. मला यातला शोध दुरुस्तीपेक्षा मोठा वाटतो.

तेल दोनच दिशांना जातं, खाली आणि मागे. खाली वजनाने, मागे वाऱ्याने. पुढे फॅन, वर धावण्याचा वारा. त्यामुळे इंजिनावर कुठेही गळती असली तरी थेंब पडतो तो मागच्या कोपऱ्यातून, बहुतेक वेळा बेल हाउसिंगच्या जवळून. थेंब जिथे पडतो ती जागा फार काही सांगत नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

आधी इंजिन पूर्ण स्वच्छ करा. वरवर पुसून चालत नाही. रॉकेल आणि ब्रश घेऊन चेंबरच्या फेसिंगच्या (जोडाच्या सपाट पृष्ठभागाच्या) कडेला बसलेली मळी खरवडून काढा. बोल्टांच्या डोक्यांभोवती, डिस्ट्रिब्यूटरच्या खाली, फ्युएल पंपाच्या बुडाशी, ऑइल फिल्टरच्या घराभोवती, आणि मॅनिफोल्डच्या (इनलेट-एग्झॉस्टच्या पाइपांच्या) खाली जिथे हात जात नाही तिथे विशेष. नंतर कोरड्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. इग्निशनचे भाग आधी प्लास्टिकने झाका. गरम एग्झॉस्टवर रॉकेल नको, इंजिन थंडच हवं.

मग टाल्कम पावडर. मऊ ब्रशवर घेऊन फुंकरीने सगळीकडे उडवा, पातळ थर बसला पाहिजे. इंजिन चालू करून गरम होऊ द्या, एक छोटा फेरफटका मारा, बंद करा आणि लगेच बॅटरी घेऊन खाली शिरा. कोरड्या पांढऱ्या पावडरीत तेलाचा ओघळ इतका स्पष्ट दिसतो की वाद उरत नाही. ओघळाच्या वरच्या टोकापर्यंत जा. तिथे गळती.

पावडरीने नाही कळलं तर तेलात टाकायचा यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) आणि जांभळा दिवा. पण डाय जुन्या तेलाच्या राड्यातही चमकतो, म्हणून स्वच्छता टळत नाही.

बी-सिरीजमध्ये एक जागा हटकून बघा : साइड कव्हरं. टॅपेटच्या खोलीवरची ती दोन पत्र्याची झाकणं, मॅनिफोल्डच्या खाली लपलेली. मागच्या झाकणातून गळलं की तेल ब्लॉकवरून उतरून चेंबरच्या कडेने बेल हाउसिंगपर्यंत जातं, आणि मग सगळे म्हणतात मागचं सील गेलं.

गॅस्केट

साइड कव्हरला +१.

दाबाबद्दल एक सोपी परीक्षा देतो. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, यू आकारात एका फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर हवा न सुटेल असं बसवा, दुसरं उघडं. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी असेल तिथे खूण करा. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, मग रेव्ह वाढवा.

ब्रीदर मोकळा आणि पिस्टनच्या रिंगा ठीक असतील तर पाणी जवळपास हलत नाही. आतून ढकललं जात असेल तर उघड्या बाजूचं पाणी वर चढतं. १ पीएसआय म्हणजे पाण्याची सुमारे ७० सेंटीमीटर उंची, त्यामुळे साध्या गेजवर काटाही हलणार नाही एवढा दाब इथे डोळ्यांना दिसतो. नळीची उघडी बाजू लांब ठेवा, नाहीतर पाणी उडून बाहेर येईल. आणि इंजिन एकदम बंद करू नका, रेव्ह हळूहळू उतरवा, म्हणजे पाणी उलटं आत ओढलं जायची भीती नाही.

बी_सिरीजवाला

मंडळी, दोन्ही केलं. काय सापडलं ते क्रमाने लिहितो.

पाण्याची नळी : आयडलला उघड्या बाजूचं पाणी बोटभर वर. रेव्ह दिली तशी पातळी चढत गेली, साधारण वीतभर. ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर लगेच खाली आली. म्हणजे आत दाब साठत होता, आणि त्याला जायला नेहमीची वाट नव्हती.

मग ब्रीदर काढला. पुढच्या साइड कव्हरवरून निघून खाली जाणारा पाइप. फुंकर मारली, हवा जाईना. आतली तारेची जाळी डांबरासारख्या मळीने पूर्ण बुजलेली. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून, दुसऱ्या दिवशी वाऱ्याच्या झोताने उडवली, तेव्हा तिच्यातून उजेड दिसायला लागला. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा छोटा रबरी पाइपही आतून चिकटून चपटा झाला होता, तो बदलला. आता नळीतलं पाणी रेव्ह दिली तरी जेमतेम हलतं.

एवढं करून डाग निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही.

मग स्वच्छता आणि पावडर. मागचं बॅकप्लेट (इंजिन आणि बेल हाउसिंगच्या मधली प्लेट) कोरडं. चेंबरच्या फेसिंगची वरची कड कोरडी. ओघळ सुरू होतो मागच्या साइड कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून, निळीमॉरिस यांनी सांगितलं अगदी तिथूनच. आणि त्या कव्हरच्या मधल्या बोल्टाच्या डोक्याखालीही ओलं आहे.

आता ते कव्हर नीट कसं बसवायचं ते सांगा. मॅनिफोल्ड काढायची तयारी आहे.

निळीमॉरिस

वा! वीतभर पाणी चढत होतं म्हणजे तेल कुठूनही निघालं असतं.

मॅनिफोल्ड काढाच, खालून हात घालून हे काम धड होत नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं आणून ठेवा.

कव्हर काढलंत की ते काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट ग्रॅनाइटवर पालथं ठेवा आणि चारी कोपरे बोटाने दाबून बघा. डुगडुगत असेल तर दोष तिथेच आहे. या झाकणाला मधोमध एकच बोल्ट असतो. गळायला लागलं की माणूस तो आवळतो. आवळला की मधला पत्रा आत दबतो आणि कडा बाहेरच्या बाजूला उचलल्या जातात, म्हणजे जितकं आवळाल तितकं जास्त गळेल. कडेखाली लाकडाचा ठोकळा धरून लहान हातोडीने हळूहळू सरळ करा, दर थोड्या वेळाने काचेवर ठेवून बघा. यात घाई नको.

त्या बोल्टाचं भोक आरपार टॅपेटच्या खोलीत जातं. म्हणून डोक्याखालचा वायसरही सील करणारा लागतो, साधा लोखंडी वायसर घातला तर तेल बोल्टाच्या अंगाने बाहेर येतं. तुमच्याकडे डोक्याखाली ओलं आहे ते यामुळेच असणार.

पॅकिंग : जुनं कॉर्क आणि त्याखालचा चिकटा ब्लॉकच्या फेसिंगवरून पूर्ण काढा, पण आधी टॅपेटच्या खोलीत स्वच्छ कापड कोंबा. खरवडलेलं आत पडलं तर थेट चेंबरमध्ये जातं. नवं कॉर्क कव्हरला शेलॅकने (लाखेच्या द्रावणाने) चिकटवा, कव्हर सपाट काचेवर वजनाखाली ठेवून वाळू द्या. ब्लॉकच्या बाजूला काही लावू नका, नुसता तेलाचा हात फिरवा. पुढच्या वेळी कव्हर काढताना कॉर्क फाटत नाही.

टर्नर

आणि आवळताना लांब पाना घेऊ नका. छोट्या रॅचेटचं डोकं मुठीत धरून, मनगटाच्या जोरावर, कॉर्क जरासा दबलेला दिसला की थांबा. या इंजिनाचे टॉर्क किती कमी आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं : चेंबरच्या बोल्टांना ६ फूट-पाउंड, म्हणजे ८ न्यूटन-मीटर, आणि टॅपेट कव्हरच्या नटांना ४ फूट-पाउंड. हाताला हे फारच सैल वाटतं. सैल वाटलं तरी तेवढंच ठेवा.

चेंबर पुन्हा कधी उतरवलंत तर त्याचीही कड अशीच बघा. जास्त आवळलेल्या प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचललेला असतो, पॅकिंग फक्त भोकांपाशी दाबलं जातं आणि दोन बोल्टांच्या मधे मोकळं राहतं. ते उंचवटे ठोकून खाली बसवल्याशिवाय कितीही पॅकिंगं बदलली तरी उपयोग नाही.

बी_सिरीजवाला

काम झालं. मागचं कव्हर काचेवर चांगलंच डुगडुगत होतं, पुढचं थोडं कमी. दोन्ही सरळ केली, कॉर्क शेलॅकने चिकटवून बसवले, बोल्टांखाली फायबरचे वायसर. मॅनिफोल्ड काढलेला होता म्हणून फ्युएल पंपाखालचं पॅकिंगही बदलून घेतलं.

त्यानंतर लांबची एक चक्कर झाली, तशीच ताणून. खाली नवा कागद पसरून ठेवला होता. सकाळी त्यावर दोन थेंब, दोन्ही स्प्लिट पिनखाली. ब्लॉकची बाजू, चेंबरची कड, सगळं कोरडं. पावडरीचा पांढरा थर मागच्या कव्हरखाली जसाच्या तसा आहे. टर्नर म्हणाले तसे हे दोन थेंब त्या फटीतले समजतो आणि इंजिन आहे तिथेच ठेवतो.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका : क्लच प्लेट पुढेमागे बदलावी लागणारच आहे. त्या वेळी गिअरबॉक्स उतरेल, तेव्हा मागे काय काय करून घ्यावं?

चारचाकी

अभिनंदन! मीही माझ्या गाडीचा ब्रीदर काढून बघितला. त्यातही मळी होती.

टर्नर

क्लचच्या वेळी फ्लायव्हील काढाच, आणि त्यामागचं बॅकप्लेटही. बॅकप्लेटखालचं कागदी पॅकिंग म्हातारं झालेलं असतं आणि कॅमशाफ्टचं मागचं टोकही त्याच प्लेटने झाकलेलं आहे. तिथून झिरपलं तर ते खाली येऊन हुबेहूब क्रँकशाफ्टच्या मागून आल्यासारखं दिसतं. प्लेट काढल्यावर पुसून बघा, कॅमच्या भोवती ओलं आहे की क्रँकच्या भोवती. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचे) मागचे प्लगही त्याच वेळी तपासा.

मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपच्या दोन्ही बाजूंना कॉर्कच्या पट्ट्या असतात. त्या बदलायला चेंबर उतरवावं लागतं, म्हणून क्रँकच्या बाजूने ओलं दिसलं तरच तिकडे वळा. तेव्हा मेन बेअरिंगचं क्लिअरन्सही मोजून घ्या. ते मर्यादेत असेल तर किटची गरज नाही.

आणि पुढच्या बाजूचं सील कधी बदललंत तर टायमिंग कव्हरचे बोल्ट आधी सैल ठेवा, पुलीचा हब तेल लावून सीलमध्ये सरकवा, कव्हर आपोआप मधोमध येऊ द्या, मग आवळा. हबवर सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर त्यावर पातळ स्लीव्ह चढवून मिळते, तिचा विचार करा. जुन्या कव्हरांत रबराऐवजी नमद्याचं सील असतं आणि त्यामागच्या तेल उडवणाऱ्या चकतीचा आकारही वेगळा असतो. कव्हर आणि चकती एकाच पिढीची हवी, अदलाबदल केली तर नवं सीलही गळेल.

निळीमॉरिस

पॅकिंगचा सेट आत्ता मागवणार असाल तर कॉर्क प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवा. उघडं राहिलं की वाळून आखडतं आणि भोकं जुळत नाहीत. तरीही आखडलंच तर बसवायच्या आधी कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, पुन्हा मापाला येतं. फक्त शेलॅक लावायच्या आधी पूर्ण पुसून कोरडं करा.